हिरोशिमाचे प्रदर्शनगृह : एका वास्तूची स्थित्यंतरे

जपानमधील हिरोशिमा शहरात मोतोयासु नदीच्या काठी एका इमारतीचा सांगाडा उभा आहे. विटांच्या उघड्या पडलेल्या भिंती, तावदाने नसलेल्या खिडक्या आणि माथ्यावर छप्पर नाहीसे झालेल्या घुमटाच्या लोखंडी फासळ्या, असे तिचे रूप आहे. 'अणुबॉम्ब घुमट' या नावाने ती साऱ्या जगाला परिचित आहे. ६ ऑगस्टचा दिवस आला की तिचे छायाचित्र वृत्तपत्रांतून छापले जाते आणि शांततेविषयी चार शब्द लिहिले जातात. परंतु ही इमारत मुळात कशासाठी बांधली गेली? बॉम्ब पडला त्या सकाळी तिच्यात काय काम चालू होते? आणि त्यानंतर ती पाडावी की राखावी हे कोणी ठरविले? या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रश्न टाळता येणार नाहीत. कोणतीही वास्तू जन्मतः पवित्र नसते आणि अपवित्रही नसते. तिचा उपयोग करणारी माणसे तिला अर्थ देतात आणि उपयोग बदलला की अर्थही बदलतो. जे कारणांनी उत्पन्न होते ते कारणे बदलली की बदलते, ही गोष्ट बौद्ध वाचकाला नव्याने सांगावयास नको. या लेखात आम्ही त्या इमारतीची चार स्थित्यंतरे क्रमाने पाहणार आहोत. शेवटी जो प्रश्न उरतो तो आपल्याही अनुभवाचा आहे : स्मारकात कोणाची स्मृती सामावली जाते आणि कोणाची बाहेर राहते?

प्रदर्शनगृह

मोरी तेरुमोतो या सरदाराने १५८९ साली येथे किल्ल्याचे काम सुरू केले आणि त्याच्याभोवती हिरोशिमा हे गाव वाढले. मेइजी राजवटीत त्याचे लष्करी ठाण्यात रूपांतर झाले. १८८९ साली उजिना बंदर पूर्ण झाले. १८९४ साली चीनशी युद्ध सुरू होताच जपानने आपले सर्वोच्च लष्करी मुख्यालय हिरोशिमास हलविले. स्वतः सम्राट येथे येऊन राहिला आणि संसदेचे अधिवेशनही येथेच तात्पुरत्या इमारतीत भरविण्यात आले. पुढे १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धातही उजिना बंदरातून सैन्य आणि रसद रवाना होत होती. शहराची भरभराट झाली ती या युद्धांच्या आधाराने. शांततेचे प्रतीक म्हणून आज ओळखले जाणारे हे शहर पन्नास वर्षे युद्धाच्या उत्पन्नावर पोसले गेले होते, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

वाढत्या उद्योगाला बाजारपेठ हवी होती. हिरोशिमा प्रांतातील मद्य, समुद्रातील कालवे, सुया, लेखनाचे कुंचले या वस्तूंना नाव होते. त्यांचा दर्जा सुधारावा, त्या इतर प्रांतांतील व्यापाऱ्यांना दाखविता याव्यात, यासाठी प्रांतिक शासनाने मालाच्या प्रदर्शनाची कायम इमारत बांधण्याचे ठरविले. यान लेत्झेल या चेक वास्तुशिल्पीला हे काम देण्यात आले. लेत्झेलने मात्सुशिमा येथे बांधलेल्या हॉटेलाचे काम तत्कालीन गव्हर्नरला पसंत पडले होते. १९१५ साली इमारत पूर्ण झाली आणि 'हिरोशिमा प्रांतिक उत्पादन प्रदर्शनगृह' या नावाने लोकांसाठी खुली झाली. तीन मजली विटांचे बांधकाम, मध्यभागी जिन्याचा मनोरा आणि त्यावर सुमारे २५ मीटर उंचीचा, तांब्याच्या पत्र्याने मढविलेला लंबगोल घुमट, असे तिचे स्वरूप होते. भोवतालच्या ठेंगण्या लाकडी घरांत ही युरोपीय धाटणीची इमारत नदीपलीकडूनही नजरेत भरत असे.

येथे माल मांडला जाई, विकला जाई आणि व्यापाऱ्यांना सल्लाही मिळे. लवकरच तिच्या दालनांत चित्रप्रदर्शने भरू लागली, सभा-समारंभ होऊ लागले. व्यापारासाठी बांधलेली इमारत अशा रीतीने शहराचे सांस्कृतिक सभागृहही बनली. याच काळातील एक प्रसंग उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात जपानने चीनमधील त्सिंगताव हे जर्मन ठाणे जिंकून तेथील जर्मनांना कैद केले होते. त्यांपैकी काहींना हिरोशिमाजवळील निनोशिमा बेटावर ठेवले होते. १९१९ साली या कैद्यांनी तयार केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन या इमारतीत भरले. कार्ल युखहाइम या मिठाई करणाऱ्या कैद्याने आपल्या देशातील 'बाउमकुखेन' नावाचा केक तेथे विकावयास ठेवला. जपानमध्ये या केकाचा उगम याच प्रदर्शनात सांगितला जातो आणि आज तो तेथे घरोघरी खाल्ला जातो. युद्धकैद्याच्या हातचे अन्न ज्या इमारतीत लोकांनी चवीने खाल्ले, त्याच इमारतीवर पुढे कोणता प्रसंग ओढवला हे आपण जाणतो.

इमारतीचे नावही स्थिर राहिले नाही. १९२१ साली ती 'प्रांतिक वाणिज्यवस्तू प्रदर्शनगृह' झाली आणि १९३३ साली 'प्रांतिक उद्योग प्रोत्साहन भवन'. पहिल्या नावात 'उत्पादन' होते, दुसऱ्यात 'वाणिज्य' आले, तिसऱ्यात 'उद्योग'. राज्यकर्त्यांचे धोरण जसजसे पालटले तसतशी दारावरची पाटी पालटत गेली.

युद्धाचे कार्यालय

१९३१ मध्ये मांचुरियावर आणि १९३७ मध्ये उर्वरित चीनवर जपानने आक्रमण केले. १९४१ च्या डिसेंबरात युद्ध पॅसिफिक महासागरभर पसरले. कापड, धातू, इंधन, अन्न, सर्व काही शासनाच्या नियंत्रणाखाली गेले. खुल्या बाजारात दाखविण्यासारखा माल उरला नाही, तेव्हा प्रदर्शनगृहाचे प्रयोजनच संपले. १९४४ च्या मार्चअखेरीस उद्योग प्रोत्साहन भवनाचे काम बंद करण्यात आले. रिकाम्या दालनांत गृहखात्याचे बांधकाम कार्यालय आणि इमारती लाकडाचे नियंत्रण करणाऱ्या संस्थांची कार्यालये आली. ज्या खोल्यांत चित्रे टांगली जात तेथे आता लाकडाच्या वाटपाची कागदपत्रे रचली गेली. हे या इमारतीचे दुसरे स्थित्यंतर होय.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अमेरिकन विमानाने अणुबॉम्ब टाकला. वैमानिकांनी लक्ष्य म्हणून निवडलेला इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा आइओइ पूल या इमारतीला अगदी लागून आहे. बॉम्बचा स्फोट इमारतीच्या आग्नेयेस सुमारे १६० मीटर अंतरावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला. त्या वेळी इमारतीत असलेली सुमारे ३० माणसे जागीच मरण पावली. ही माणसे कारकून आणि कर्मचारी होती. सकाळी कामावर येऊन नुकतीच आपापल्या जागी बसली असतील.

एवढ्या जवळ असूनही भिंतींचा काही भाग कसा टिकला? स्फोटाचा दाब जवळजवळ सरळ वरून खाली आला, त्यामुळे भिंतींवर आडवा धक्का तुलनेने कमी बसला. खिडक्या पुष्कळ असल्याने हवेच्या लोटाला बाहेर पडण्यास वाट मिळाली. घुमटावरचा तांब्याचा पत्रा उष्णतेने वितळून गेला आणि मागे लोखंडी फासळ्या उरल्या. यात कोणताही चमत्कार नाही. हा बांधकामाचा आणि दाबाच्या दिशेचा परिणाम आहे, आणि तो तसाच सांगितला पाहिजे. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लक्ष ४० हजार माणसे मृत्यू पावली असा अंदाज आहे. शहराच्या मध्यभागी आगप्रतिबंधासाठी घरे पाडण्याच्या कामावर जुंपलेली हजारो शाळकरी मुले त्यांत होती.

भग्नावशेष

युद्धानंतर या इमारतीला कोणतेही काम उरले नाही. अधिकृत नाव गळून पडले आणि काही वर्षांतच लोक तिला 'अणुबॉम्ब घुमट' म्हणू लागले. तिचे हे चौथे नाव कोणत्याही शासकीय ठरावाने आलेले नाही, ते लोकांनी दिलेले आहे. १९५३ साली तिची मालकी प्रांतिक शासनाकडून हिरोशिमा नगरपालिकेकडे आली.

या काळाची हकिकत सहसा पुनर्निर्माणाच्या गौरवाने सांगितली जाते. १९४९ साली 'हिरोशिमा शांतता स्मारक नगर' उभारण्याचा विशेष कायदा झाला, रुंद रस्ते आले, उद्यान आखले गेले, हे खरेच आहे. परंतु घुमटाच्या उत्तरेस मोतोमाचीच्या नदीकाठी, पूर्वीच्या लष्करी जमिनीलगत, शेकडो झोपड्यांची एक वस्ती वाढली होती, हेही तितकेच खरे आहे. लोक तिला 'अणुबॉम्ब झोपडपट्टी' म्हणत. घरदार गमावलेले बॉम्बपीडित, कोरियन मजूर, आखलेल्या उद्यानातून हटविले गेलेले गरीब, अशी माणसे तेथे राहत. बहुमजली घरकुले बांधून ती वस्ती पूर्णपणे हटेपर्यंत १९७८ साल उजाडले. बॉम्बपीडितांना समाजातही मानाची जागा नव्हती. किरणोत्साराचा रोग लागेल, संतती सदोष निपजेल, या भीतीने त्यांना विवाहात आणि नोकरीत नाकारले जाई. अनेकांनी आपण हिरोशिमाचे आहोत हेच लपविले. जन्माने वा दैवाने लागलेला डाग लपवून जगणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे.

भग्न इमारत पाडावी की ठेवावी हा वाद पंधरा-वीस वर्षे चालला. पाडावी म्हणणाऱ्यांत केवळ विसरू इच्छिणारे अधिकारी नव्हते. ज्यांची मुले त्या परिसरात जळून गेली असे आईबापही होते. रोज तो सांगाडा पाहणे त्यांना असह्य होत होते. शिवाय भिंती कोसळण्याचा धोका होता आणि डागडुजीला पैसा लागणार होता. नगरपालिका निर्णय पुढे ढकलीत राहिली.

या वादाला वळण दिले ते एका शाळकरी मुलीच्या रोजनिशीने. हिरोको काजियामा ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा एक वर्षाची होती. १९६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. ते दुखावलेले उद्योग भवनच त्या भयंकर बॉम्बविषयी पुढच्या काळाला सांगत राहील, अशा आशयाची नोंद तिने केली होती. ती वाचून हिरोशिमातील मुलांच्या एका मंडळाने त्याच वर्षी स्वाक्षऱ्या आणि निधी गोळा करण्यास प्रारंभ केला. मुले रस्त्यावर उभी राहिली. हळूहळू संघटना, विद्वान आणि सामान्य नागरिक त्यांच्यामागे आले. अखेर ११ जुलै १९६६ रोजी नगरसभेने घुमट कायमचा जतन करण्याचा ठराव केला. दुरुस्तीसाठी ४ कोटी येनचे उद्दिष्ट ठेवून देशभर निधी मागण्यात आला आणि त्याहून बरीच अधिक रक्कम जमली. १९६७ साली भेगांत कृत्रिम राळ भरून आणि आतून पोलादी आधार देऊन पहिली दुरुस्ती झाली.

या घटनेचे मर्म आम्हांस असे दिसते : ही इमारत प्रथम शासनाने व्यापारासाठी बांधली, मग शासनानेच युद्धासाठी वापरली, परंतु तिचा तिसरा उपयोग, म्हणजे साक्ष देण्याचा, ज्यांच्या हाती सत्ता नव्हती अशा लोकांनी मागून घेतला. त्यात मतदानाचाही अधिकार नसलेली मुले अग्रभागी होती.

स्मारक

अवशेष राखल्यावर त्याला स्मारकाचे रूप आले. हे चौथे स्थित्यंतर होय. शांतता उद्यानाचा आराखडा वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी केला होता. त्यांनी संग्रहालय, मृतांचे स्मृतिशिल्प आणि घुमट ही तिन्ही एका सरळ रेषेत आणली. स्मृतिशिल्पाच्या कमानीतून पाहिले असता दूरवर घुमट दिसतो. याच तांगे यांनी १९४२ साली जपानच्या 'बृहत् पूर्व आशिया' या साम्राज्यवादी कल्पनेच्या स्मारकाची स्पर्धा जिंकली होती, हेही इतिहासात नोंदले गेले आहे. तेच हात दोन प्रकारच्या स्मारकांची रेखाटने करू शकतात. म्हणूनच दगडाच्या आकारापेक्षा त्यावर काय कोरले आहे हे अधिक काळजीने वाचावे लागते.

१९५२ साली अनावरण झालेल्या स्मृतिशिल्पावर मृतांना उद्देशून, त्यांनी शांतपणे विसावावे, ही चूक पुन्हा होणार नाही, अशा आशयाचे वाक्य कोरले आहे. जपानी भाषेत या वाक्याला कर्ता नाही. त्याच वर्षी टोकियो युद्धगुन्हे न्यायालयातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल हिरोशिमास गेले आणि त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला : चूक कोणाची? बॉम्ब तर जपानने टाकलेला नव्हता. वाक्य रचणाऱ्या प्राध्यापकांनी उत्तर दिले की येथे बोलणारी अखिल मानवजात आहे. पाल यांचा रोख अमेरिकेकडे होता. जपानच्या आक्रमणाला बळी पडलेल्या आशियाई देशांतील माणसाने तोच प्रश्न विचारला तर त्याचा रोख जपानी साम्राज्याकडे जाईल. कर्त्याविना वाक्यात दोघेही सुटतात.

हा व्याकरणाचा किरकोळ मुद्दा नाही. आपल्या वृत्तपत्रांत 'दलितांवर अत्याचार झाला', 'वस्ती जळाली', 'तरुणाचा मृत्यू झाला' अशी वाक्ये आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. या वाक्यांत दुःख असते, करुणाही असते. नसतो तो कर्ता. आणि जेथे कर्ता नाही तेथे उत्तरदायित्वही नाही.

घुमट जागतिक वारसा ठरला तेव्हा हाच पेच पुन्हा समोर आला. नागरिकांच्या मोहिमेत १६ लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या. एवढी अलीकडची वास्तू ऐतिहासिक स्थळ मानण्याची तरतूद नसल्याने जपानी शासनाला निकष बदलावे लागले. १९९५ साली राष्ट्रीय पातळीवर ती संरक्षित झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मेक्सिकोतील मेरिदा येथे भरलेल्या बैठकीत तिचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्या बैठकीत अमेरिकेने निर्णयापासून स्वतःला अलिप्त ठेवले. बॉम्ब कोणत्या परिस्थितीत टाकला गेला त्याचा ऐतिहासिक संदर्भ दिला जात नाही, असे तिचे म्हणणे होते. चीननेही आपले मतभेद नोंदविले. त्या युद्धात सर्वाधिक जीवित व वित्तहानी इतर आशियाई देशांची झाली असताना, ते सत्य नाकारणारे लोक या नोंदीचा गैरवापर करतील, अशी त्याची शंका होती. अमेरिकेला आपले कृत्य झाकावयाचे होते, हे उघड आहे. परंतु चीनने उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे निकाली निघत नाही. ज्या उजिना बंदरातून सैन्य चीनवर गेले ते बंदर याच शहराचे होते.

स्मारकाबाहेरचे मृत

आता आम्ही या लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. बॉम्बने माणसामाणसांत भेद केला नाही, असे म्हटले जाते. ते खरे आहे. परंतु स्मृतीने भेद केला.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला होता. त्यामुळे १९४५ साली हिरोशिमात हजारो कोरियन होते. कोणी पोटासाठी आलेले, कोणी युद्धकाळात सक्तीने आणलेले. त्यांतील अनेक मृत्यू पावले. एप्रिल १९७० मध्ये त्यांच्यासाठी स्मारक उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या हद्दीबाहेर, नदीच्या पलीकडच्या काठावर. मृतांचे आत्मे कासवाच्या पाठीवरून स्वर्गास जातात या कोरियन समजुतीनुसार तो शिलास्तंभ दगडी कासवावर उभा आहे. तो उद्यानात घ्यावा ही मागणी पुरी होण्यास २९ वर्षे लागली. १९९९ च्या जुलैत तो आत आला. जिवंतांचीही हीच कथा. १९५७ च्या कायद्याने बॉम्बपीडितांना वैद्यकीय साहाय्य मिळाले, परंतु कोरियन पीडितांना तो हक्क न्यायालयात झगडून मिळवावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो मान्य केला. त्यानंतरही, जपान सोडून गेलेल्या पीडिताचे भत्ते बंद करणारा १९७४ चा शासकीय आदेश २००३ पर्यंत चालू होता. मे २०२३ मध्ये जपानचे पंतप्रधान आणि दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष या स्तंभापुढे प्रथमच एकत्र नतमस्तक झाले, तेव्हा बॉम्ब पडून ७८ वर्षे होत आली होती.

दुसरा समाज बुराकू लोकांचा. जनावरांची कातडी कमावणे, मृत जनावरांची विल्हेवाट लावणे, अशी कामे ज्यांच्यावर लादली गेली आणि त्याच कामांमुळे ज्यांना अमंगळ ठरविले गेले, असा हा जपानमधील बहिष्कृत समाज. १८७१ च्या फर्मानाने ही अवस्था कायद्यातून काढली, व्यवहारातून नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरातील सार्वजनिक सभागृहात या समाजाने 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना स्थापन केली. दोन वर्षांनी, ९ मार्च १९२४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलाविली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा आकारास आली. दोन देशांतील दोन बहिष्कृत समाज जवळजवळ एकाच वेळी सार्वजनिक सभागृहाची दारे उघडून आत आले, हा योगायोग मनात ठेवण्यासारखा आहे. हिरोशिमा प्रांतातही सुइहेइशाचे कार्य पोहोचले होते. शहराच्या पश्चिमेस नदीकाठी बुराकू लोकांची मोठी वस्ती होती आणि तीही बॉम्बच्या आगीत सापडली. तेथील माणसांना युद्धानंतर दोन डाग वाहावे लागले, एक जन्माचा आणि एक किरणोत्साराचा.

बौद्ध वाचकांनी यापुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. बुराकू समाज बहुतांशी बौद्धच होता आणि आहे. सुइहेइशाने आरंभीच होंगानजी मठांना कळविले की पुढील वीस वर्षे आमच्या लोकांकडून वर्गणी गोळा करू नये. कारण ज्या मठांना बुराकू लोक दान देत तेथेही त्यांची पायरी खालचीच होती. जपानमध्ये मृत व्यक्तीला भिक्षू धम्मनाम देतात. बुराकू मृतांच्या नावांत 'पशू' यासारखी हीनत्वदर्शक अक्षरे घालण्याची प्रथा अनेक विहारांत चालत आली होती. म्हणजे माणूस मेला तरी त्याच्या थडग्यावर त्याची जात कोरलेली राही. १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली होती. अहवालात बुराकूंच्या दुःस्थितीचा उल्लेख येताच सोतो झेन पंथाच्या प्रशासकीय प्रमुखांनी जपानमध्ये असा भेदभाव नाही असे सांगून तो वगळावयास लावला. बुराकू मुक्ती संघाने कडाडून विरोध केल्यावर चौकशी झाली, पंथाने चूक मान्य केली, १९८४ साली नैरोबीच्या परिषदेत ते विधान जाहीरपणे मागे घेण्यात आले आणि अपमानकारक धम्मनामे शोधून बदलण्याचे काम हाती घेण्यात आले.

शांततेच्या व्यासपीठावरून विषमता नाकारली गेली, आणि नाकारणारे बौद्ध होते. ही गोष्ट आम्ही दुःखाने लिहितो, पण लिहितो. समतेचा आग्रह सोडून सांगितलेली शांती बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात बसत नाही. आणि चूक दाखविल्यावर ती कबूल करून थडग्यावरचे नावदेखील बदलता येते, हाही त्याच प्रकरणाचा दुसरा धडा आहे.

आपल्यासाठी

स्मारकाचा अर्थ बदलता येतो याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी उभारला तो आपल्या सैन्याच्या पराक्रमाची खूण म्हणून. त्यावर कोरलेली महार सैनिकांची नावे शंभर वर्षे तेथेच होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि त्या नावांकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी समाजाला दिली. दगड तोच राहिला, अक्षरे तीच राहिली. वाचणारे बदलले आणि साम्राज्याचा स्तंभ बहिष्कृतांच्या स्वाभिमानाचे ठिकाण झाला.

हिरोशिमाच्या प्रदर्शनगृहाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आम्हांस हेच सांगतो. त्या इमारतीत माल मांडला गेला, केक विकला गेला, चित्रे लागली, लाकडाचे परवाने लिहिले गेले, माणसे मेली, आणि अखेर ती साक्षीदार झाली. आता तिच्या दुरुस्त्या ठरावीक वर्षांनी होतात. २०२०-२१ मध्ये पाचवी झाली. परंतु आज तिचे जतन करणे म्हणजे तिला आहे त्या स्थितीत, म्हणजे मोडलेल्या स्थितीतच, टिकवून धरणे होय. अनित्य वस्तूला तिच्या जखमेसह धरून ठेवण्याचा हा मानवी प्रयत्न आहे. तो सार्थ ठरेल तो भिंती टिकल्यामुळे नव्हे, त्या भिंतींपुढे पूर्ण वाक्य बोलले गेले तर. बॉम्बपीडितांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. साक्ष देणारे वृद्ध झाले आहेत. त्यांच्यानंतर ते वाक्य कोण बोलणार?

आपल्या विहारांतून ६ ऑगस्टचे स्मरण अवश्य करावे. मेणबत्ती लावावी, मैत्रीभावना करावी. परंतु त्या दिवशी मुलांना त्या इमारतीचे पूर्वीचे नावही सांगावे. तेथील कारकुनांविषयी, नदीकाठच्या झोपडपट्टीविषयी, उद्यानाबाहेर २९ वर्षे थांबलेल्या दगडी कासवाविषयी आणि थडग्यावर 'पशू' असे अक्षर कोरले गेलेल्या माणसांविषयी सांगावे. आणि कोणी म्हणाले की 'अन्याय झाला', तर मुलांनी नम्रपणे पण न घाबरता विचारावे : कोणी केला, आणि कोणावर?